राखणदार कोणाच्या भाकरीवर? : अणुवीज केंद्रांवरील देखरेखीचा इतिहास

माझे वडील एका रासायनिक कारखान्यात कंत्राटी मजूर होते. वर्षातून एखाद्या वेळी तिथे तपासणीचा साहेब यायचा. तो येणार ही बातमी दोन दिवस आधीच पोचायची. मग फरशी धुतली जायची, गळक्या पाइपाला फडके बांधून वरून रंग मारला जायचा, कपाटात कुलूपबंद असलेले हातमोजे बाहेर निघायचे आणि ज्यांची नावे हजेरीपटावर नव्हती त्यांना 'उद्या येऊ नका' असे मुकादम सांगायचा. वडिलांचे नाव हजेरीपटावर नव्हते. त्यामुळे त्यांच्या सुरक्षिततेसाठी सरकारने नेमलेला तो साहेब त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नाही. साहेब येण्याचा दिवस म्हणजे आमच्या घरी रोज बुडण्याचा दिवस, एवढीच त्याची ओळख.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. इतिहास शिकलो आणि आता इतिहासच शिकवतो. मागे स्वातंत्र्योत्तर भारताचा औद्योगिक विकास शिकवताना तारापूरच्या अणुवीज केंद्राचा उल्लेख आला. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ते सुरक्षित आहे हे कोण ठरवतं?" मी सांगितले, अणुऊर्जा नियामक मंडळ नावाची एक संस्था आहे. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आणि त्यांना पगार कोण देतं?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. माझ्या वडिलांनी कधी न विचारलेला प्रश्न हा मुलगा विचारत होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी पदार्थविज्ञानाचा माणूस नाही आणि वीज नको म्हणणाऱ्यांपैकीही नाही. आमच्या वस्त्यांमध्ये वीज सर्वांत शेवटी आली. अंधाराचे कौतुक आम्हाला परवडणारे नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या वीजधोरणाची पायाभरणी केली ती स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय गरिबांची सुटका नाही या विचाराने. तेव्हा प्रश्न विजेचा नाही. धोक्याच्या कामावर राखणदार कोणी नेमायचा आणि त्याने कोणाच्या भाकरीवर जगायचे, हा आहे.

१

अणुशक्तीच्या बाबतीत जगभर एक गोष्ट सारखीच घडली. ज्यांनी अणुभट्ट्या उभारल्या त्यांच्याच हाती त्यांची तपासणी देण्यात आली. कारण दिले गेले ते असे की, हे ज्ञान दुसऱ्या कोणाजवळ नाही. आपल्या देशात ज्ञानाची मक्तेदारी आणि न्यायनिवाड्याचा अधिकार एकाच वर्गाच्या हाती असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेत १९५४ च्या कायद्याने अणुऊर्जा आयोगावर एकाच वेळी दोन कामे सोपवली गेली : अणुवीज वाढवायची आणि तिच्यावर लक्षही ठेवायचे. विकणारा आणि वजन तपासणारा एकच. ही विसंगती अखेर इतकी उघड झाली की १९७४ मध्ये नवा कायदा करून आयोगाची फोड करावी लागली आणि जानेवारी १९७५ पासून केवळ नियमनासाठी स्वतंत्र आयोग कामाला लागला. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९५७ मध्ये विंडस्केल येथील भट्टीला आग लागली, किरणोत्सारी आयोडिन हवेत पसरले आणि आसपासच्या शेकडो चौरस किलोमीटर परिसरातील गाईंचे दूध ओतून द्यावे लागले. त्यानंतर १९५९ मध्ये परवान्याचा कायदा झाला आणि निरीक्षकांची यंत्रणा उभी राहिली.

नुसती फोड केली म्हणजे सगळे साधले असेही नाही. अमेरिकेत स्वतंत्र आयोग आल्यानंतर चारच वर्षांनी, २८ मार्च १९७९ रोजी, थ्री माइल आयलंडच्या भट्टीचा गाभा अंशतः वितळला. चौकशीसाठी नेमलेल्या केमेनी आयोगाने यंत्रांइतकाच दोष माणसांच्या मनोवृत्तीला दिला. भट्ट्या पुरेशा सुरक्षित आहेतच, हा समज चालवणाऱ्यांच्या आणि तपासणाऱ्यांच्याही डोक्यात पक्का बसला होता.

जपानची कथा अधिक बोलकी आहे. तेथील तपासणी संस्था अणुवीज वाढवणाऱ्या अर्थ व उद्योग मंत्रालयाच्याच छत्राखाली होती. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २०१२ मध्ये निष्कर्ष काढला की हे संकट मानवनिर्मित आहे, आणि सरकार, तपासणारे व कंपनी यांचे साटेलोटे त्याच्या मुळाशी आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जपानने जुनी संस्था मोडून नवे प्राधिकरण स्थापन केले. म्हणजे शहाणपण आले, पण दीड लाखांहून अधिक माणसांना घरदार सोडावे लागल्यानंतर आले.

२

आता आपल्या देशाकडे वळू. ६ एप्रिल १९४८ रोजी पंडित नेहरूंनी अणुऊर्जेचे विधेयक सभागृहात मांडले. घटना अजून तयार व्हायची होती. त्या चर्चेत एस. व्ही. कृष्णमूर्ती राव या सदस्याने नेमका मुद्दा काढला : ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, मग आपल्याकडे शांततेच्या संशोधनावरही ती का? नेहरूंचे उत्तर असे होते की या दोहोंत रेघ कशी ओढायची हे आपल्याला कळत नाही. ती रेघ तेव्हा ओढली गेली नाही, आणि पुढे १९६२ च्या कायद्यानेही ती ओढली नाही. उलट त्या कायद्याच्या १८ व्या कलमाने माहिती रोखून धरण्याचा व्यापक अधिकार सरकारला दिला.

१९४८ मध्येच अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. १९५४ मध्ये थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत अणुऊर्जा खाते निघाले. डॉ. होमी भाभा आयोगाचे अध्यक्षही होते आणि खात्याचे सचिवही. भाभांच्या बुद्धिमत्तेविषयी आणि निष्ठेविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नाही. परंतु संस्था माणसाच्या चांगुलपणावर उभारायच्या नसतात. धोरण ठरवणारा, ते राबवणारा आणि त्यावर देखरेख करणारा एकच, ही घडी तेव्हा बसली आणि भाभांच्या मागेही अध्यक्ष आणि सचिव एकच व्यक्ती असण्याची प्रथा चालू राहिली.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधल्या. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. तोपर्यंत सुरक्षिततेचा विचार आयोगाच्या अंतर्गत समित्या करीत. खात्याची स्थायी सुरक्षा आढावा समिती १९७२ मध्ये आली, म्हणजे तारापूरनंतर तीन वर्षांनी. थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर आपल्याकडेही फेरविचार झाला आणि १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले.

मंडळ स्थापन झाले ते संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे. १९६२ च्या कायद्यातील २७ व्या कलमानुसार सरकारने आपले काही अधिकार एका आदेशाने त्याच्याकडे सोपवले. जे आदेशाने दिले ते आदेशाने काढूनही घेता येते. शिवाय हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला जबाबदार, त्या आयोगाचा अध्यक्ष म्हणजे खात्याचा सचिव, आणि मंडळाचा पैसा खात्याच्या अंदाजपत्रकातून. ज्या महामंडळाच्या भट्ट्या तपासायच्या तेही त्याच खात्याचे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

३

तरी मंडळ काय काम करते हे नीट समजून घेतले पाहिजे. ते न समजता केलेली टीका ही नुसती शिवीगाळ ठरते.

अणुवीज केंद्राला एकदम परवाना मिळत नाही. जागा, बांधकाम, भट्टी प्रथम सुरू करणे, नियमित चालवणे आणि आयुष्य संपल्यावर मोडून काढणे, अशा प्रत्येक टप्प्यावर मंडळाची वेगळी संमती लागते. जागेसाठी भूकंप, पूर, समुद्राचे उधाण आणि भोवतालची लोकवस्ती पाहतात. बांधकामाआधी केंद्र चालवणारी संस्था सुरक्षा विश्लेषणाचा सविस्तर अहवाल देते : कोणती नळी फुटू शकते, वीज गेली तर भट्टी थंड कशी राहील, एक पंप बंद पडला तर दुसरा कुठून येईल. कारण भट्टी बंद केली तरी ती विझत नाही. आतली उष्णता पुढे कित्येक दिवस काढून घ्यावी लागते. हा अहवाल समित्यांच्या दोन-तीन पायऱ्या चढून मंडळापुढे येतो. चालू केंद्राला परवाना मिळतो तो जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी, आणि दर दहा वर्षांनी समग्र आढावा होतो. ठरावीक काळाने निरीक्षक जातात. काही बिघडले तर केंद्राने ते कळवायचे असते आणि घटनेची गंभीरता शून्य ते सात अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीवर मोजली जाते. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या पायरीवर आहेत.

कामगाराच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते त्यावरून मोजून नोंदवहीत लिहितात. कायम कामगारासाठी वर्षाची मर्यादा ३० मिलिसीव्हर्ट आणि सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट. तात्पुरत्या कामगारासाठी वर्षाला १५. पूर्वी ही मर्यादा ५० होती आणि १९९० नंतर ती टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. हे मंडळाच्या पदरात टाकले पाहिजे.

परंतु या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट लक्षात येते. तपासणारा बहुतांशी वाचतो तो कागद, आणि कागद लिहिणारा असतो तो ज्याला तपासायचे आहे तोच. हे जगभर असेच आहे; एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्रातील प्रत्येक झडप निरीक्षक स्वतः फिरवून पाहू शकत नाही. म्हणून तर वाचणाऱ्याचा कणा ताठ हवा. कागदात काय लिहिलेले नाही हे विचारण्याची हिंमत त्याच्यात हवी, आणि ती हिंमत दाखवल्यावर त्याची खुर्ची शाबूत राहायला हवी.

कागदात जे मावतच नाही त्याचे काय, हाही प्रश्न आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. पुनर्वसनाच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. जागेच्या सुरक्षिततेचा तक्ता लोकवस्तीचे अंतर मोजतो. त्या अंतरासाठी जो उठला त्याच्या नव्या घराची भिंत मोजणे मात्र त्या तक्त्यात बसत नाही.

४

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची दोन पाती तुटली. हायड्रोजन वायू बाहेर पडून आग लागली. नेहमीच्या विजेच्या आणि आणीबाणीच्या विजेच्या तारा पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या. त्या एकत्रच जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्र विजेविना राहिले. कामगार हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात इमारतीच्या वरच्या भागात चढले आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण सोडले. त्या माणसांनी त्या रात्री देश वाचवला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. या घटनेला तिसरी श्रेणी मिळाली. टर्बाइनच्या पात्यांच्या रचनेतील दोषाची सूचना मूळ आराखड्याच्या परदेशी कंपनीकडून १९८९ मध्येच आलेली होती. सूचना कागदावर होती, तरी पाती बदलली गेली नव्हती.

त्याच वर्षी डॉ. ए. गोपालकृष्णन मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९९६ पर्यंत होते. त्यांच्या काळात, १९९५ मध्ये, मंडळाने खात्याच्या केंद्रांमधील सुरक्षिततेच्या सुमारे १३० त्रुटींचा अहवाल तयार केला. तो गुप्त ठेवण्यात आला. पद सोडल्यावर गोपालकृष्णन यांनी जाहीरपणे लिहिले की मंडळ नावापुरते स्वतंत्र आहे आणि त्याच्या समित्यांवरील बहुसंख्य तज्ज्ञ खात्याच्याच पगारावर आहेत. अहवाल उघड करावा म्हणून नागरी हक्कांसाठी काम करणारी पीयूसीएल आणि मुंबई सर्वोदय मंडळ या संस्था न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा गुप्ततेचा अधिकार मान्य केला. ज्यांच्या उशाशी भट्टी आहे त्यांना तिच्यातील त्रुटींची यादी वाचण्याचा हक्क नाही, असा याचा सरळ अर्थ.

दरम्यान २००० मध्ये आणखी एक गोष्ट झाली. एका आदेशाने तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र मंडळाच्या कक्षेतून बाहेर काढले गेले आणि त्याची तपासणी त्या केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे सोपवली गेली. आदेशाने दिलेले आदेशाने काढून घेता येते, असे वर म्हटले ते उगाच नव्हे.

५

इथे मला ३० मे १९४९ चा दिवस आठवतो. घटना समितीत नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदाची चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी सांगितले की घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी हाच आहे आणि त्याचे काम न्यायसंस्थेच्या कामापेक्षाही मोलाचे आहे. मग त्याला न्यायाधीशांइतके तरी स्वातंत्र्य हवे, आणि मसुद्याने ते तितके दिलेले नाही, ही खंतही त्यांनी लपवली नाही. स्वतः मसुदा समितीचा अध्यक्ष असलेला माणूस हे बोलत होता. सरकारचा हिशेब तपासणारा सरकारचा आश्रित असता कामा नये, हे त्यामागचे तत्त्व. त्याच घटनेच्या केंद्रसूचीत अणुऊर्जा हा विषय आहे; तिच्या राखणदाराला मात्र असे कवच कोणी दिले नाही.

आणि योगायोग पाहा. २०१२ मध्ये याच महालेखापरीक्षकाने नियामक मंडळाची तपासणी केली. निष्कर्ष असे : मंडळाचा दर्जा सरकारच्या एका दुय्यम कार्यालयाचा आहे, नियम करण्याचा व दंड ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, काही अपराधांना दंडाची कमाल रक्कम अवघी ५०० रुपये आहे, १९८३ च्या आदेशात सांगितलेले सुरक्षा धोरण तीन दशकांनंतरही तयार झालेले नाही, देशातील सुमारे ९१ टक्के वैद्यकीय क्ष-किरण यंत्रे मंडळाच्या नोंदणीबाहेर आहेत. एका स्वतंत्र राखणदाराने दुसऱ्या परतंत्र राखणदाराची अवस्था लिहून ठेवली, ती स्वतःला स्वातंत्र्य होते म्हणूनच लिहू शकला.

संसदेच्या लोकलेखा समितीनेही २०१३ मध्ये या निष्कर्षांची गंभीर दखल घेतली. फुकुशिमानंतर २०११ मध्ये आणलेले नव्या प्राधिकरणाचे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्यावर २०१४ मध्ये रद्दबातल झाले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पाहणी पथकाने मंडळातील माणसांच्या निष्ठेचे कौतुक केले आणि त्याचे स्वातंत्र्य कायद्यात लिहा अशी शिफारसही केली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेसाठी नवा कायदा संमत केला. त्यात मंडळाला कायद्याने स्थान दिले आहे आणि त्याच कायद्याने अणुवीजेचे दार खाजगी भांडवलालाही उघडले आहे. पहिल्या गोष्टीचे स्वागत करावे; दुसरीमुळे ती अधिकच निकडीची झाली आहे. कायद्यातले स्थान खरे की नावाचे, हे पुढील चार प्रश्नांवरून ठरवावे. अध्यक्षाला कोण नेमतो आणि कोण काढू शकतो? पैसा कोणाच्या हातून येतो? तज्ज्ञ स्वतःचे आहेत की ज्याला तपासायचे त्याच्याकडून उसने आणलेले? आणि अहवाल लोकांना वाचायला मिळतात का?

६

कोणी म्हणेल, हा शास्त्रज्ञांचा आणि कायदेपंडितांचा प्रश्न, आपल्या चळवळीचा याच्याशी काय संबंध? संबंध असा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले एक यंत्र आले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते वर्षानुवर्षे पडून होते आणि भंगार म्हणून लिलावात विकले गेले. ज्यांनी ते हाताने फोडले त्यांना ते काय आहे हे ठाऊक नव्हते. त्यांतील एक मजूर किरणोत्सर्गाने दगावला. यंत्र पुस्तक वाचणाऱ्यांकडून निघाले आणि भंगार फोडणाऱ्यांपाशी पोचले. मधल्या वाटेवर त्याची नोंद ठेवणारा कोणी नव्हता. देखरेख ढिली पडते तेव्हा तिचे मोल कोणत्या वस्तीतील माणूस चुकवतो, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको.

आणि दुसरा संबंध आपल्या इतिहासाचा आहे. गावाच्या वेशीवर राखण कोण करीत होता? आमचा वेसकर. शिवेचा तंटा झाला तर कोणाची साक्ष मानत? महाराची. म्हणजे देखरेखीचे काम या समाजाने पिढ्यान् पिढ्या केले. पण त्याच्या हातात काठी आणि पोटासाठी दारोदार मागितलेली भाकर. ज्या पाटलाच्या अन्यायाविरुद्ध बोलायचे त्याच्याच ओट्यापुढे संध्याकाळी उभे राहायचे. अशा राखणदाराच्या तोंडून सत्य किती निघणार? म्हणून तर १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक आणले आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते बंद करून ठरावीक रोख वेतनाची मागणी केली. भाकरीचा हात सुटल्याशिवाय जीभ सुटत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

अणुभट्टीच्या राखणदाराची गोष्ट याहून निराळी नाही. तो विद्वान आहे, त्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे, तो वातानुकूलित खोलीत बसतो. पण ज्याला तपासायचे त्याच्याच अंदाजपत्रकावर तो जगत असेल तर त्याची स्थिती वेसकराची. हे दैन्य आम्ही भोगले आहे, म्हणून ते आम्हाला लवकर ओळखू येते. आमच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे अहवाल मागून घ्यावेत, वाचावेत आणि वस्तीतल्या मंडळींना त्यांच्या भाषेत सांगावेत. बिल्ल्यावरचा आकडा ही कामगाराची स्वतःची मालमत्ता आहे. तो त्याला वाचता आला पाहिजे आणि विचारता आला पाहिजे.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थ्याला हे सगळे सांगितले. त्याने वहीत चारही प्रश्न उतरवून घेतले. मग म्हणाला, "सर, माझा भाऊ एमआयडीसीत कंत्राटावर आहे. त्याच्या कंपनीलाही हेच विचारायचं ना?" मी म्हटले, तिथूनच सुरुवात कर. आणि आधी बघ, हजेरीपटावर त्याचे नाव आहे का.